विहिरीत टूल नेमकं कुठं टेकलं होतं? एका इंडक्शन लॉगचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईच्या पश्चिमेला खोदलेल्या एका तेलविहिरीचं आहे. विहिरीचं नाव, फील्ड, कंपन्या, माणसं, ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे आणि आकडे थोडे गोल केले आहेत. प्रश्न साधा होता. चुनखडकाच्या एका पट्ट्यात तेल आहे की पाणी, हे ठरवायचं होतं. ते ठरवायला वापरलेल्या लॉगमध्ये, म्हणजे विहिरीत उतरवलेल्या टूलनं खोलीप्रमाणे घेतलेल्या मोजमापांच्या नोंदीत, खोट होती, आणि ती खोट टूलच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये नव्हती. टूल भोकात ज्या जागी आहे असं आम्ही धरलं होतं, त्या जागी ते नव्हतं.

पार्श्वभूमी

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ साली सागर सम्राट या रिगनं तेल शोधलं आणि १९७६ पासून ते किनाऱ्याकडे यायला लागलं. त्या भागातली फील्ड्स आता जुनी झाली आहेत. हल्लीच्या पुष्कळशा विहिरी मागे राहून गेलेल्या पट्ट्यांसाठी असतात. अशा विहिरीत उत्तर ठळक मिळत नाही. पाण्याचं प्रमाण पंचावन्न टक्के निघालं तर परफोरेशन करायचं, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळीला (केसिंगला) भोकं पाडून पट्टा उघडायचा; बासष्ट निघालं तर तो पट्टा केसिंगच्या मागे सोडून द्यायचा, इतका बारीक हिशेब असतो. म्हणून मोजमापातली लहानशी चूकही इथं थेट निर्णयात उतरते.

आमची विहीर उभ्या रेषेपासून ४८ अंश कललेली होती. तळाचा भाग साडेआठ इंची, तापमान १०५ अंश सेल्सियस. या भागात आळीपाळीनं शेल (मातकट, पाणी आत न जाऊ देणारा खडक) आणि चुनखडक. चुनखडकात आम्हाला रस असलेले दोन पट्टे होते, वरचा नऊ मीटरचा आणि खालचा अकरा मीटरचा. वरच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सगळी चर्चा खालच्यावर होती.

जुलै महिना होता. जुहूहून हेलिकॉप्टर उडेल की नाही हे रोज सकाळी ढग बघून ठरत होतं आणि न्हाव्याहून निघालेली पुरवठा बोट वेळेवर पोचेलच याची खात्री नव्हती. पुढच्या एका निर्णयात या पावसाचा मोठा वाटा आहे.

मड बदललं, टूल तेच राहिलं

मूळ आराखड्यात मड, म्हणजे खोदताना भोकात फिरवलं जाणारं द्रावण, फार खारं नव्हतं, म्हणून रेझिस्टिव्हिटीसाठी (खडक विजेला किती अडवतो हे मोजायला; तेल खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त अडवतं) अॅरे इंडक्शन टूल ठरलं होतं. खोदताना वरच्या शेलनं त्रास दिला. भिंतीचे तुकडे पडायला लागले, दोन ठिकाणी पाइप अडकता अडकता वाचला. मड इंजिनिअरनं पोटॅशियम क्लोराइड वाढवलं, आणि ते बरोबरच केलं. शेल शांत झालं, भोक जवळजवळ मापात राहिलं.

पण मड आता समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारं झालं होतं. वर ३० अंशाला घेतलेल्या नमुन्याची रेझिस्टिव्हिटी ०.१० ओहम-मीटर आली. तापमान वाढलं की खारं पाणी वीज आणखी सहज नेतं. आर्प्सच्या सूत्रानं हिशेब केला तर ०.१० गुणिले ५१.५ भागिले १२६.५, म्हणजे तळाशी ०.०४१. चालकतेच्या भाषेत हे मीटरला साधारण २५,००० मिलिसिमेन्स होतात. आमच्या चुनखडकाची चालकता होती सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे ज्या खडकाचा आवाज ऐकायचा, त्याच्यापेक्षा शंभरपटीनं वीज वाहून नेणारं पाणी टूलच्या अंगाला लागून होतं.

इतक्या खाऱ्या मडमध्ये लॅटरोलॉग टूल जास्त बरं पडतं. ते विजेचा झोत थेट खडकात ढकलतं आणि मार्गात पडणारं खारं मड त्याला फारसं आड येत नाही. गोडं मड किंवा तेलाचं मड असेल तर इंडक्शन. हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवलं जातं. तरी मड बदलल्यावर टूल बदलायचा विषय कुणी काढला नाही. मडचा निर्णय ड्रिलिंगच्या बैठकीत झाला, टूलची यादी आमच्या टेबलावर होती, आणि मधल्या वाटेनं ती बातमी वेळेत आमच्यापर्यंत पोचली नाही. माझ्या मते या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात स्वस्तात सुधारता आला असता असा निर्णय हाच होता.

टूल मध्यावरून सरकलं की काय होतं

पुढचं सगळं समजायला इंडक्शन टूल काय करतं ते बघावं लागेल. विहिरीतला पहिला विद्युत लॉग ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथं घेतला गेला. ती पद्धत मडमधून वीज वाहण्यावर अवलंबून होती. तेलाच्या मडमधून वीज वाहत नाही, म्हणून तिथं ती चालेना. त्यावर १९४९ साली हेन्री डॉल यांनी इंडक्शनची पद्धत मांडली. एका कॉइलमध्ये सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडायचा. त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं आजूबाजूच्या खडकात प्रवाहाची कडी तयार होतात. त्या कड्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या कॉइलला जाणवतं. खडक जितका जास्त वीजवाहक, तितका तो संकेत मोठा.

ही कडी टूलच्या अक्षाभोवती बांगड्यांसारखी बसतात. टूल भोकाच्या बरोबर मधोमध असेल तर आतल्या बांगड्या संपूर्ण मडमध्ये आणि बाहेरच्या संपूर्ण खडकात. एकही बांगडी भिंत ओलांडत नाही. मडचा वाटा किती, खडकाचा किती, हे नीट वेगळं काढता येतं.

आता टूल भिंतीकडे सरकवा. बांगड्या टूलबरोबर सरकतात, पण भोक जागच्या जागी राहतं. मग बऱ्याच बांगड्या भिंतीला कापून जातात, अर्धी मडमध्ये, अर्धी खडकात. शंभरपट चालक असलेल्या मडमधून प्रवाह खडकात शिरताना भिंतीवर विद्युतभार साचतो आणि तो भार प्रवाहाची वाटच बदलून टाकतो. अशा वेळी नुसता वाट्याचा हिशेब पुरत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून सोडवून ठेवलेली मॉडेल्स असतात. भोकाचा व्यास, मडची रेझिस्टिव्हिटी, खडकाची चालकता आणि टूल ते भिंत अंतर, म्हणजे स्टँडऑफ, हे दिलं की ती मडचा परिणाम वजा करतात. व्यास कॅलिपर मोजतो. मडची रेझिस्टिव्हिटी सेन्सर मोजतो. खडकाचा अंदाज कर्व्हमधूनच येतो. स्टँडऑफ मात्र कुणी मोजत नाही. तो फॉर्मवर लिहिला जातो.

मुद्दामच इतकं रेंगाळलो, कारण सगळ्या प्रकरणाची नस इथं आहे. विहिरीत पोहरा सोडताना दोर सरळ असेल तर पोहरा मधोमध उतरतो. ४८ अंश कललेल्या भोकात कुठलंही टूल स्वतःच्या वजनानं खालच्या भिंतीवरच पडणार. त्याला भिंतीपासून वर धरायला टूलच्या अंगावर रबरी पंख असलेली कडी चढवतात, त्यांनाही आम्ही स्टँडऑफच म्हणतो. आमच्या टूलची जाडी सुमारे ९८ मिलिमीटर, भोक २१६ मिलिमीटर. टूल मधोमध असतं तर दोन्ही बाजूला ५९ मिलिमीटर जागा राहिली असती. दीड इंची पंख म्हणजे ३८ मिलिमीटर. स्टँडऑफ टूलला मध्यावर आणत नाही. तो फक्त भिंतीपासून एक ठरावीक, आधी माहीत असलेलं अंतर राखतो. ते अंतर माहीत असण्यातच त्याचा सगळा उपयोग आहे.

अॅरे इंडक्शन पाच खोलीचे कर्व्ह देतं (खोली म्हणजे बाजूला खडकात किती आतपर्यंत बघतं), दहा, वीस, तीस, साठ आणि नव्वद इंची. भिंतीजवळ सरकण्याचा सगळ्यात जास्त मार दहा इंची कर्व्हला बसतो, त्याखालोखाल वीस इंचीला. नव्वद इंची कर्व्ह बरंच मोठं आकारमान बघतो, त्यामुळे तो जवळजवळ तसाच राहतो.

इतर टूलांची गोष्ट वेगळी आहे. आडव्या कॉइल असलेल्या तीन अक्षांच्या इंडक्शन टूलमध्ये प्रवाहाची कडी भोकाच्या लांबीच्या दिशेनं वरखाली फिरतात, त्यामुळे खारं मड त्यांना आयती वाट करून देतं आणि टूल सरकल्याचा परिणाम कितीतरी वाढतो. उलट खोदतानाच लॉग घेणारी पावणेसात इंची कॉलर, म्हणजे ड्रिलिंगच्या पाइपमधली जाड नळी, साडेआठ इंची भोकात इतकी भरून असते की दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम ४४ मिलिमीटर जागा उरते. तिला सरकायलाच जागा कमी. तीच कॉलर मोठ्या भोकात आणि तेलाच्या मडमध्ये, वीजवाहक खडकासमोर चालवली तर २ मेगाहर्ट्झच्या कर्व्हवर सरकण्याची खूण उमटते. दुर्दैवानं आमच्या विहिरीत खोदताना फक्त गॅमा आणि दिशेचं मोजमाप घेतलं होतं.

अडचण कुठं दिसली

लॉग रात्री अकराच्या सुमारास अंधेरीच्या ऑफिसात आला. ड्युटीवर मी होतो. चुनखडकात दहा इंची कर्व्ह सगळ्यात खाली, नव्वद इंची सगळ्यात वर, मधले क्रमानं. खाऱ्या मडचं पाणी तेलाच्या पट्ट्यात शिरलं तर चित्र असंच दिसतं. या शिरकावाला इन्व्हेजन म्हणतात, आणि हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं चित्र. मला संशय आला नाही आणि मी रात्रीचा अहवाल पुढे पाठवला.

त्या अहवालात खालच्या पट्ट्यासाठी रेझिस्टिव्हिटी ५.९ ओहम-मीटर धरली होती. नव्वद इंची कर्व्ह स्वतः ४.३ दाखवत होता. ५.९ हा आकडा पाचही कर्व्ह एकत्र घेऊन इन्व्हेजनचा परिणाम काढून टाकणाऱ्या गणितातून आला होता. उथळ कर्व्ह फार खाली आहेत, म्हणजे मडचं पाणी खडकात बरंच आत गेलं आहे, तेव्हा न भिजलेल्या खडकाची रेझिस्टिव्हिटी नव्वद इंचीपेक्षाही जास्त असणार, असं त्या गणितानं ठरवलं. रेझिस्टिव्हिटीवरून पाण्याचं प्रमाण काढणाऱ्या आर्चीच्या १९४२ च्या समीकरणात घातलं तर: सच्छिद्रता ०.२०, फॉर्मेशनच्या पाण्याची रेझिस्टिव्हिटी ०.०७, म्हणजे पूर्ण पाण्यानं भरलेला खडक १.७५ दाखवेल. १.७५ भागिले ५.९, त्याचं वर्गमूळ ०.५४. पाणी ५४ टक्के. आमची कटऑफ ६० होती. पट्टा पास.

सकाळी नऊ वाजता आमच्याकडे नव्यानं रुजू झालेली एक मुलगी प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिनं चुनखडकाकडे बोट दाखवलं नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या चौदा मीटर शेलवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, इथं दहा इंची १.३ आहे आणि नव्वद इंची २.० आहे. शेलमध्ये इन्व्हेजन कसं होईल?"

शेलमधून पाणी आत जात नाही. तिथं मडचा शिरकाव नाही, म्हणून पाचही कर्व्ह एकमेकांवर बसायला हवेत. मी रात्रभर चुनखडकाचं अंतर बघत बसलो होतो, जिथं अंतर असणं अपेक्षितच होतं. जिथं ते असायला नको होतं, तिथं बघितलंच नव्हतं. तिचा प्रश्न आम्ही आजही नव्या मुलांना जसाच्या तसा सांगतो.

संशयाची चाळणी

आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. तीस वर्षं लॉग बघताहेत. त्यांनी घाई करू दिली नाही. "टूलला दोष देण्याआधी बाकीचे तीन दरवाजे बंद करा," म्हणाले.

पहिला दरवाजा, शेलची अनिसोट्रॉपी. कललेल्या विहिरीत शेलची थराच्या दिशेची आणि थराला काटकोनातली रेझिस्टिव्हिटी मिसळून येते. पण असं असतं तर पाचही कर्व्ह कमीजास्त सारखेच हलले असते, एकटा दहा इंची खाली गेला नसता. कललेल्या थरांच्या सीमेवर उथळ कर्व्हला शिंगं फुटतात हे खरं, पण आम्ही चौदा मीटरच्या बरोबर मध्यावर बघत होतो. शिवाय शेजारच्या जुन्या विहिरीत हेच शेल खोदताना घेतलेल्या लॉगवर २.० च्याच आसपास होतं.

दुसरा दरवाजा, भोकाचा आकार. कॅलिपर शेलमध्ये साडेआठ ते पावणेनऊ इंच दाखवत होता. शेल धरून ठेवण्यासाठी वाढवलेल्या मीठाचा हा फायदा. भिंत ढासळलेली नव्हती.

तिसरा, मडची रेझिस्टिव्हिटी. टूलच्या तळाशी असलेला सेन्सर ०.०४१ दाखवत होता, वरच्या नमुन्याचा हिशेबही तोच. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा आला.

उरला स्टँडऑफ. फॉर्मवर लिहिलं होतं, तीन स्टँडऑफ, प्रत्येकी दीड इंच. काकांनी रिगवरच्या लॉगिंग इंजिनिअरला फोन केला आणि एकच विचारलं, "टूल वर काढल्यावर पंख तुम्ही हातानं मोजलेत का?" मोजले नव्हते. यात त्या मुलाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या यादीत ते काम नव्हतंच.

अर्ध्या तासानं मोबाइलवर फोटो आले. वरच्या कड्याचे पंख ठीक होते. मधल्याचे झिजून बोथट झालेले. तळाच्या कड्याचे दोन पंख एका बाजूनं फाटून लोंबत होते. म्हणजे टूल नुसतं भिंतीजवळ नव्हतं, किंचित तिरपंही होतं. वर भिंतीपासून उचललेलं, खाली जवळजवळ टेकलेलं.

आणखी एक पुरावा आमच्या हातात आधीपासून होता. साठ मीटरचा रिपीट, म्हणजे तोच भाग पुन्हा मोजणारी दुसरी फेरी, घेतला होता. त्यात नव्वद इंची कर्व्ह पहिल्या फेरीवर तंतोतंत बसत होता, दहा इंची मात्र जागोजागी वेगळा होता. वर ओढताना टूल गिरकी घेतं. फाटका पंख कधी खालच्या बाजूला येतो, कधी वरच्या, आणि भिंतीपासूनचं अंतर त्याप्रमाणे बदलतं. रात्री मी रिपीट नव्वद इंचीवरच तपासला होता.

समोरचे पर्याय

भोक उघडं पडून चाळीस तासांहून जास्त वेळ झाला होता. लायनर (तळाच्या भागात बसवायची पोलादी नळी) उतरवायचा होता आणि ड्रिलिंगवाल्यांना त्याच दिवशी उत्तर हवं होतं.

पहिला पर्याय, नवे स्टँडऑफ लावून टूल पुन्हा चालवायचं. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात स्वच्छ. पण नवे पंख रिगवर नव्हते, बोटीनं यायचे होते आणि त्या दिवशी बोट न्हाव्यालाच थांबलेली होती. मागच्या फेरीत दोन खोलींवर ओढ वाढलेली दिसली होती. उघड्या भोकात टूल अडकलं असतं तर ते सोडवण्यात दिवस गेले असते.

दुसरा, लॅटरोलॉग आणायचा. अडचण तीच, टूल किनाऱ्यावर. तो अगदी सुरुवातीला मागवायला हवा होता.

तिसरा, लॉग आहे तसा मान्य करून दोन्ही पट्ट्यांना परफोरेशन करायचं. बैठकीत या बाजूचं मत मांडणारे होते आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता: नव्वद इंची कर्व्ह तर बिघडलेला नाही, मग एवढी चिंता कशाची? उत्तर असं की आमचा निर्णय नव्वद इंची कर्व्हवर नव्हताच. तो पाचही कर्व्हांच्या मिळून काढलेल्या आकड्यावर होता आणि त्यातले दोन खोटं इन्व्हेजन दाखवत होते. उथळ कर्व्हची चूक त्या गणितातून खोल आकड्यात झिरपली होती, तीही आम्हाला हव्या असलेल्या दिशेनं.

चौथा पर्याय, आहे तोच डेटा पुन्हा प्रोसेस करायचा. बोअरहोल करेक्शनच्या गणिताला चार उथळ अॅरेंचे संकेत मिळतात. व्यास आणि मड पक्के धरले तर स्टँडऑफ हा अज्ञात आकडा मानून तोच शोधायला सांगता येतं. त्याच्या जोडीला फॉर्मेशन प्रेशरची, म्हणजे खडकातल्या द्रवाचा दाब मोजणारी, जी फेरी कार्यक्रमात होतीच, तिच्यात खालच्या पट्ट्यातले बिंदू वाढवायचे. त्यासाठी रिगचे फार तर काही तास जाणार होते.

काय केलं

आम्ही चौथा निवडला. पण एका अटीवर, आणि ती अट काकांची होती. स्टँडऑफ चुनखडकात शोधायचा नाही, शेलमध्ये शोधायचा. चुनखडकात खरं इन्व्हेजन आणि टूलचं सरकणं एकमेकांत मिसळलेलं होतं. तिथं गणिताला मोकळं सोडलं असतं तर त्यानं एकाचा दोष दुसऱ्यावर ढकलला असता. शेलमध्ये इन्व्हेजन नाही, म्हणून तिथं दिसेल ते सगळं टूलच्या जागेचंच. शेलमध्ये आकडा आला ०.६ इंच, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर. तो चुनखडकापर्यंत पुढे नेला आणि अनिश्चितता म्हणून ०.३ ते ०.९ इंच या पट्ट्यात तीन वेगवेगळ्या रन केल्या.

नव्या प्रोसेसिंगमध्ये शेलमधले पाचही कर्व्ह एकमेकांवर आले. दहा इंची अजून थोडा थरथरत होता. तिरप्या आणि गिरक्या घेणाऱ्या टूलला एकच अंतर लावून सगळं साफ होणार नाही, हे आम्ही जाणून होतो. खालच्या चुनखडकात उथळ कर्व्ह वर सरकले, इन्व्हेजन उथळ झालं आणि खऱ्या खडकाची रेझिस्टिव्हिटी ५.९ वरून ४.६ वर आली. तिन्ही रनमध्ये ती ४.४ ते ४.८ च्या आत राहिली. ४.६ ला पाणी ६२ टक्के. कटऑफच्या वर, पण जेमतेम.

एवढ्यावर पट्टा सोडून देणं मला पटत नव्हतं. आर्चीच्या समीकरणातला सिमेंटेशनचा घातांक चुनखडकात जरासा बदलला तरी दोन टक्के इकडचे तिकडे होतात. म्हणून प्रेशरवर भर दिला. खालच्या पट्ट्यात चार ठिकाणी प्रयत्न केला. एक जागा घट्ट खडकात गेली, तिथं प्रेशर स्थिर होईना. उरलेले तीन बिंदू सात मीटरच्या अंतरात बसले आणि त्यांच्यात १०.१ पीएसआयचा फरक आला. मीटरला १.४४. गोड्या पाण्याचा दाब मीटरला १.४२ नं वाढतो, खाऱ्याचा त्याहून थोडा जास्त. तेल असतं तर हा आकडा १.१ ते १.२ च्या आसपास यायला हवा होता.

निष्पत्ती

लायनर उतरला. परफोरेशन फक्त वरच्या पट्ट्यात झालं. विहीर सुरुवातीला जवळजवळ पाण्याशिवाय वाहिली आणि पुढचे काही महिने पाणी हळूहळूच वाढलं. खालचा पट्टा उघडला असता तर नेमकं काय झालं असतं, हे कुणी सिद्ध करू शकत नाही. त्यात ३८ टक्के तेल आहेच, पण त्यातलं वाहणारं किती आणि खडकाला चिकटून राहणारं किती, हे रेझिस्टिव्हिटी सांगत नाही. जे सांगता येतं ते इतकंच की दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणारी मोजमापं एकाच बाजूला बोट दाखवत होती.

दोन आठवड्यांनी पाऊस उघडल्यावर ते स्टँडऑफ पनवेलजवळच्या वर्कशॉपमध्ये आले. काका आणि मी बघायला गेलो. काकांनी व्हर्नियर काढला. वरच्या कड्याचे पंख ३६ मिलिमीटर. मधल्याचे २१. तळाच्या कड्याचा धड राहिलेला पंख १४, आणि त्याच्या टोकाचं रबर काचेसारखं गुळगुळीत झालेलं, चुनखडकावरून शेकडो मीटर घासत आल्यामुळे. बोट फिरवलं तर एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला धारदार लागत होतं. शेलमधून गणितानं काढलेला १५ आणि हातातला १४. काकांनी तो आकडा दोनदा वाचला आणि माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला.

आज तीच विहीर समोर आली तर

सगळ्यात आधी, मडमध्ये मीठ वाढवायचा निर्णय झाला त्याच दिवशी टूलची यादी पुन्हा उघडली असती. खडकाची रेझिस्टिव्हिटी मडच्या शंभरपट होत असेल तर उथळ इंडक्शन कर्व्हवर निर्णय टेकवू नये, असं आता आमच्या यादीत स्पष्ट लिहिलं आहे. लॅटरोलॉगची मागणी एका फोनची होती. तो फोन आमच्यापैकी कुणीही करू शकलं असतं.

रात्रीच्या अहवालाबाबतही माझं मत बदललं आहे. इन्व्हेजनचं गणित करून आलेला आकडा पहिल्या अहवालात मी आता देत नाही. नव्वद इंची कर्व्ह जसाच्या तसा देतो आणि शेजारी जाड शेलमधलं पाच कर्व्हांचं वाचन लिहितो. ते जुळत असेल तरच पुढचं गणित. यामुळे पहिला अहवाल कमी देखणा होतो आणि काही वेळा वरिष्ठांना तो अपुरा वाटतो. तरी माझा आग्रह तोच आहे. रिपीटसुद्धा दहा इंचीवर तपासायचा, कारण जागा बदलल्याची पहिली खूण तिथंच पडते.

पुन्हा टूल न चालवण्याच्या निर्णयाबद्दल मात्र मी आजही पूर्ण निश्चिंत नाही. हवामान आणि अडकण्याचा धोका खरा होता. पण रिगवर स्टँडऑफचा एक जादा संच असता तर प्रश्न बोटीवर अडलाच नसता. रबराची तीन कडी. ती आता प्रत्येक कललेल्या विहिरीसाठी टूलबरोबरच पाठवली जातात.

लॉगिंगच्या फॉर्मवर स्टँडऑफच्या रकान्यात पूर्वी एकच घर होतं. आता प्रत्येक कड्यासाठी दोन घरं आहेत, टूल उतरवण्याआधी किती मिलिमीटर आणि वर आल्यावर किती, व्हर्नियरनं मोजून, फोटोसकट. डिसेंबरमधल्या पुढच्या कललेल्या विहिरीत उतरवण्याआधी ३८, ३८, ३७ आणि वर आल्यावर ३७, ३५, ३३ आले. त्या विहिरीच्या शेलमधले कर्व्ह त्या मुलीनंच सगळ्यात आधी उघडून बघितले. पाचही एकमेकांवर बसले होते.